युनिट्स भरली म्हणजे निघायचे का? कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचा माझा निर्णय

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे स्वस्तात शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक गणित ऐकवले जाते : इथे दोन वर्षे, विद्यापीठात दोन वर्षे, की पदवी हातात. हे गणित खोटे नाही. १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन आखला, त्यात कम्युनिटी कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याची वाट मुद्दाम राखून ठेवलेली आहे आणि आजही हजारो विद्यार्थी तिने जातात. मी मात्र दोनऐवजी तीन वर्षे थांबले. ते का थांबले आणि कोणत्या गोष्टी तोलून थांबले, हे जरा तपशिलाने लिहावे असे वाटले, कारण आपल्या मराठी मंडळींमध्ये या कॉलेजांविषयी कुतूहल बरेच असले तरी ‘ट्रान्सफर नेमकी कधी घ्यावी’ या प्रश्नावर कोणी फारसे बोलत नाही.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सांगलीत बारावी सायन्स आणि नंतर बी.एस्सी.चे पहिले वर्ष झाले, मग लग्न झाले आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सनीव्हेलला आलो. मुलगी शाळेत रुळल्यावर, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, मी क्यूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातले. एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकायला हरकत नसते आणि हा व्हिसा राज्याचा रहिवासी ठरण्याच्या आडही येत नाही. आम्ही इथे पुष्कळ वर्षे राहत असल्याने मला रहिवाशांचीच फी लागू झाली. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र या व्हिसावर मिळत नाही, त्यामुळे पुढचा प्रत्येक हिशोब घरच्या खिशातून होणार होता. इथे प्रत्येक विषयाचे वजन युनिटांत मोजतात आणि फीही त्यावरच ठरते. डी अँझाची फी एका युनिटला ३१ डॉलर, म्हणजे पाच युनिटांचा विषय १५५ डॉलरला पडतो. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिच्या कुठल्याही कॅम्पसवर रहिवाशाची वर्षाची फी तेव्हा सुमारे १५ हजार डॉलरच्या घरात जात होती. हे दोन आकडे शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर राहिले.

मला जायचे होते रेणवीय जीवशास्त्राकडे. डी अँझा क्वार्टर पद्धतीने चालते : वर्षाचे फॉल (सप्टेंबरपासूनचा), विंटर आणि स्प्रिंग असे तीन क्वार्टर, शिवाय उन्हाळ्याचे छोटे सत्र. यूसीत तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्यासाठी ट्रान्सफरयोग्य अशी ९० क्वार्टर युनिट्स लागतात, सेमिस्टर पद्धतीत ६०. विज्ञानाचे विषय प्रयोगांसह पाच-सहा युनिटांचे असतात, त्यामुळे क्वार्टरला १५ च्या आसपास युनिट्स घेणाऱ्याची दोन वर्षांत नव्वदी सहज भरते. दोन वर्षांचे ते प्रसिद्ध गणित इथूनच येते.

पण युनिट्स भरणे वेगळे आणि मेजरची, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची, तयारी पूर्ण होणे वेगळे. हा फरक मला पहिल्या वर्षाच्या अखेरीस, ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बसल्यावर नीट उलगडला. तिथे आपले कॉलेज, जायचे विद्यापीठ आणि मेजर निवडले की आपला कोणता विषय त्यांच्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरतात, हे समोरासमोर दिसते. मी यूसीचे सांता क्रूझ, डेव्हिस व बर्कली हे कॅम्पस आणि सॅन होजे स्टेट या चौघांचे तक्ते छापून भिंतीवर लावले आणि ते वाचताना ज्या गोष्टीकडे लक्ष गेले, तिने पुढचा सगळा निर्णय घडवला. विषय एकेकटे मोजले जात नव्हते, मालिकेने मोजले जात होते. जनरल केमिस्ट्रीचे तीन भाग मिळून समोरच्या विद्यापीठाचे एक वर्ष होते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचेही तसेच. सेमिस्टरच्या विद्यापीठात ऑरगॅनिकचे दोन भाग असतात, क्वार्टरच्या कॉलेजात तीन, आणि दोन्हीकडचे तुकडे एकाच जागी पडत नाहीत. त्यामुळे तीनपैकी दोन भाग करून निघालेला विद्यार्थी दोन्हीकडचा राहत नाही : थोडे पुन्हा शिकावे लागते, थोडे हुकते आणि पुढच्या विषयांची दारे मात्र बंदच असतात.

माझी साखळी अशी होती. रसायनशास्त्र सोडून बरीच वर्षे झालेली असल्याने मी थेट केम १-ए न घेता केम २५ या तयारीच्या विषयापासून सुरुवात केली. त्यानंतर १-ए, १-बी, १-सी आणि मग ऑरगॅनिकचे १२-ए, १२-बी, १२-सी. प्रत्येक विषयाला आधीचा पूर्ण झालेला लागतो, म्हणजे दोन एकदम घेण्याची सोय नाही. सात विषयांना सात क्वार्टर लागतात आणि दोन शैक्षणिक वर्षांत क्वार्टर असतात सहा. सातवा, म्हणजे नेमका १२-सी, बाहेर राहतो. याच्या जोडीला जीवशास्त्राची ६-ए, ६-बी, ६-सी ही मालिका, कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचे तीन भाग. दोन वर्षांच्या चौकटीत भौतिकशास्त्राला जागाच उरत नव्हती.

एका क्वार्टरचाच तर प्रश्न आहे, मग अडीच वर्षांनी जावे, असे कोणालाही वाटेल. मलाही तेच वाटले होते. पण यूसीचे कॅम्पस ट्रान्सफरचे विद्यार्थी मुख्यतः फॉललाच घेतात. फॉल चुकला की पुढचा फॉल. शिवाय अर्ज आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतो आणि टॅग, म्हणजे ठरावीक अटी पूर्ण केल्यास एका कॅम्पसवर प्रवेशाची हमी देणारा करार, तो त्याही आधी, १ ते ३० सप्टेंबर या महिन्यात भरावा लागतो. म्हणजे दुसऱ्या वर्षानंतर निघायचे की नाही, हे दुसरे वर्ष सुरू होता होताच ठरवावे लागते. निर्णयाची खिडकी वर्षातून एकदाच उघडते आणि ती उघडते तेव्हा निम्मी माहिती अजून हाती आलेली नसते. २०२३ चा सप्टेंबर माझ्यासाठी तो महिना होता. मी टॅगला पात्र होते, कारण उन्हाळ्याचे विषय धरून त्यासाठी लागणारी ४५ क्वार्टर युनिट्स भरली होती आणि गुणांची सरासरीही पुरेशी होती.

घरात दोन मते होती. नवऱ्याचे म्हणणे साधे आणि वजनदार होते : कॉलेजची फी वाचवण्याच्या नादात एक वर्ष उशिरा पदवी मिळणार असेल, तर त्या वर्षीचा पगार बुडतो आणि तो वाचवलेल्या फीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हा मुद्दा मी हलक्यात घेतला नाही, आणि कोणीही घेऊ नये. एच-फोरवर कामाचा परवाना प्रत्येकाला मिळतोच असे नाही, हे खरे असले तरी आमच्या बाबतीत तो मिळण्यासारखा होता. सांगलीहून बाबांचा फोन आला, तेव्हा त्यांनी विचारले, “अगं, आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला जातात, तसंच ना हे? मग पोरं तिथं थांबतात कशाला?” तुलना बरीचशी बरोबर होती. फरक एवढाच की आपल्याकडे डिप्लोमा पूर्ण होतो तो दिवस ठरलेला असतो आणि त्यानंतर काय शिकायचे तेही ठरलेले असते. इथे कधी पुरे झाले, हे विद्यार्थ्याने स्वतः म्हणायचे असते.

डी अँझाच्या काउन्सेलरबाईंनी मला या गुंत्यातून बाहेर काढले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर विद्यापीठातील दोन वर्षांचे क्वार्टर आखले आणि म्हणाल्या, ऑरगॅनिक अर्धवट घेऊन गेलात असे धरा, आता यात बायोकेमिस्ट्री कुठे बसते ते दाखवा. मी पेन्सिल घेऊन बसले. बायोकेमिस्ट्रीला ऑरगॅनिक पूर्ण लागते. रेणवीय जीवशास्त्राच्या वरच्या वर्गांतील बरेच विषय एकमेकांवर अवलंबून असतात आणि मालिकेचा पहिला भाग दर क्वार्टरला चालतोच असे नाही. ऑरगॅनिकचा राहिलेला भाग आणि भौतिकशास्त्राचे तीनही भाग विद्यापीठात करायचे म्हटल्यावर पदवी दोन वर्षांत काही केल्या बसेना. एक-दोन क्वार्टर जास्तीचे लागतच होते, आणि तिथला प्रत्येक क्वार्टर सुमारे पाच हजार डॉलरचा. म्हणजे लवकर निघून वाचणारे वर्ष बरेचसे कागदावरच वाचत होते. उलट डी अँझातील संपूर्ण तिसरे वर्ष, ४५ युनिट्स घेतली तरी, चौदाशे डॉलरच्या आत-बाहेर आणि किरकोळ शुल्क वेगळे. नवऱ्याच्या पगाराच्या मुद्द्याला उत्तर मिळाले ते या कागदावर. थांबल्याने पदवी वर्षभर नव्हे, फार तर दोन क्वार्टर लांबत होती.

१२-सी उन्हाळ्यात उरकून फॉलला जाता येईल का, हा प्रश्न अर्थातच मी विचारला. प्रवेशासाठी आवश्यक ठरवलेली तयारी त्याआधीच्या स्प्रिंगअखेर पूर्ण व्हावी लागते. उन्हाळ्यावर भिस्त ठेवलेला विषय हा अटीत धरला जाईलच याची खात्री नसते, आणि त्या उन्हाळ्यात तो वर्ग चालेल, त्यात जागा मिळेल, याची तर नसतेच. ऑरगॅनिकच्या वर्गाची वेटलिस्ट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

दुसरा मार्ग होता तो सगळे कोंबण्याचा : दुसऱ्या वर्षात एकेका क्वार्टरला रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र अशा तीन-तीन प्रयोगशाळा घ्यायच्या. विशीतली काही मुले हे करतात आणि निभावतातही. पण टॅगला किमान सरासरी लागते, सांता क्रूझला ती ३.० आहे, डेव्हिसला त्याहून जास्त, आणि बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो हे तीन कॅम्पस तर टॅग देतच नाहीत, तिथे गुणांची स्पर्धा उघडी असते. एका घाईच्या क्वार्टरने सरासरी खाली आली की ती वर आणायला पुढे क्वार्टर उरत नाहीत. घरी चौथीतली मुलगी असताना तीन प्रयोगशाळांचे अहवाल रात्री कोण लिहिणार, हा प्रश्न मी काउन्सेलरबाईंना विचारला नाही, पण तोही होताच.

मी थांबायचे ठरवले आणि त्या वर्षीचा टॅग भरला नाही. हे ठरल्यावर बाकीच्या विषयांचा क्रमही बदलला. कॅल स्टेट (राज्याची दुसरी विद्यापीठ-व्यवस्था, सॅन होजे स्टेट तिच्यातलेच) आणि यूसी या दोन्हींना चालणारा सामान्य शिक्षणाचा, म्हणजे मेजरबाहेरच्या विषयांचा, जो गठ्ठा तेव्हा आयगेट्सी (IGETC) या नावाने होता (२०२५ च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याची जागा कॅल-गेट्सीने घेतली), तो पूर्ण करूनच निघावे असा सर्वसाधारण सल्ला मिळतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा घेऊ नये, असे माझे मत आहे, आणि यूसीही जास्त तयारी मागणाऱ्या मेजरांना आधी मेजरकडे पाहायला सांगते. मानव्यविद्येचा एखादा विषय विद्यापीठात गेल्यावरही करता येतो, अर्धी ऑरगॅनिक नाही. मात्र यूसीला लागणाऱ्या सात विषयांच्या किमान संचात इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक विषय असतो, तिथे सूट नाही. ते मी तिसऱ्या वर्षावर ढकलले नाहीत.

थांबण्याला किंमतही होती आणि ती केवळ पैशांची नव्हती. सोबत सुरुवात केलेली मंडळी दुसऱ्या वर्षाअखेर निघून गेली. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्यांचे ‘अजून तिथेच का?’ हे विचारणे प्रेमाचेच असते, पण ते ऐकून घ्यावे लागते. जी मुलगी माझ्याबरोबर कॅल्क्युलसला होती, तिने अर्थशास्त्रासाठी दोन वर्षांनी ट्रान्सफर घेतली आणि तिच्या बाबतीत तोच निर्णय बरोबर होता. तिच्या मेजरला गणिताचे आणि अर्थशास्त्राचे मोजके विषय लागत होते, ते झाले होते आणि नव्वदीही झाली होती. तिसरे वर्ष थांबून तिला काहीही मिळाले नसते. वर्गातला आणखी एक मुलगा वर्षभरातच एका खासगी विद्यापीठाकडे गेला. अशी काही विद्यापीठे एका वर्षानंतरही विद्यार्थी घेतात, यूसीत मात्र तो मार्ग जवळजवळ बंदच आहे. तेव्हा ‘दोन की तीन’ याचे उत्तर सर्वांना एकच देता येत नाही, ते मेजरगणिक आणि पुष्कळदा कॅम्पसगणिक वेगळे असते.

जास्त थांबल्याने युनिट्स वाया जातील, ही भीती मला अनेकांनी घातली. खरी वस्तुस्थिती अशी की कम्युनिटी कॉलेजातील १०५ पेक्षा जास्त क्वार्टर युनिट्स यूसी मोजत नाही, पण त्यापलीकडचे विषय पूर्ण झाल्याची दखल घेते. माझ्या दृष्टीने विषयाची दखल महत्त्वाची होती, युनिटांची बेरीज नव्हे. ही मर्यादा ऐकून घाबरून अर्धवट निघालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून इतके स्पष्ट लिहिते.

तिसरे वर्ष मी अपेक्षेपेक्षा शांतपणे काढले : १२-सी, भौतिकशास्त्र आणि राहिलेले एक-दोन विषय. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सांता क्रूझचा टॅग भरला. टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो, त्यामुळे ही निवडही विचारपूर्वक करावी लागली. घराजवळचे म्हणावे तर सॅन होजे स्टेट, तिथली फीही यूसीपेक्षा बरीच कमी, आणि तिथे मी अर्जही केला. सांता क्रूझकडे मन ओढत होते ते जनुकशास्त्रामुळे. मानवी जनुकसंचाचा पहिला कच्चा मसुदा २००० सालच्या जुलैमध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला, तो याच कॅम्पसवरून, आणि तिथला जीनोम ब्राउझर, म्हणजे जनुकसंच संगणकावर पाहण्याचे साधन, जगभरचे संशोधक आजही वापरतात. गावाचे अंतर आडवे येत होते. सनीव्हेलहून तिथे जायचे तर हायवे १७ चा डोंगरातला वळणावळणाचा रस्ता ओलांडावा लागतो आणि पावसाळी हिवाळ्यात तो अधूनमधून दरडी पडून किंवा अपघाताने अडतो. सॅन होजेच्या डिरिडॉन स्टेशनवरून डोंगरापलीकडे बस जाते, हे कळल्यावर अर्धी चिंता मिटली. बर्कलीलाही अर्ज केला, मुख्यतः ‘केलाच नाही’ असे नंतर वाटू नये म्हणून.

अर्जात मेजरच्या तयारीविषयीचा एक प्रश्न ट्रान्सफरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सोडवावा लागतो, साडेतीनशे शब्दांच्या आत. बाकीचे तीन सातांतून निवडायचे असतात. तो सक्तीचा प्रश्न लिहिताना थांबण्याचा एक फायदा अनपेक्षितपणे समोर आला. वर्षभर आधी अर्ज केला असता, तर त्या उत्तरात ‘करणार आहे’ हीच क्रियापदे जास्त आली असती. आता ऑरगॅनिकच्या प्रयोगशाळेत काय शुद्ध केले, कुठे पदार्थ अपेक्षेपेक्षा कमी हाती आला आणि का आला, हे लिहिता आले. सांगलीच्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे गुणही अर्जात दाखवावे लागतात, कारण आधी शिकलेले कोणतेही कॉलेज लपवता येत नाही. गुणपत्रिकेची प्रत बाबांनी मिळवून पाठवली. जानेवारीत फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे विषय कळवणारी दुरुस्ती भरली की अर्जाचे काम संपते आणि वाट पाहणे सुरू होते.

सांता क्रूझचा प्रवेश ठरल्याप्रमाणे मिळाला, सॅन होजे स्टेटचाही मिळाला, बर्कलीने नकार दिला. यूसीला होकार कळवण्याची मुदत १ जूनपर्यंत असते. ती संपण्याच्या आत मी सांता क्रूझला होकार दिला.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर वर्ग सुरू झाले, तेव्हा पहिल्याच क्वार्टरला बायोकेमिस्ट्रीला नाव घालता आले. माझ्याबरोबरचे काही ट्रान्सफर विद्यार्थी त्याच वेळी ऑरगॅनिकच्या रांगेत होते. दोन वर्षांची खरी टंचाई जाणवते ती संशोधनाच्या प्रयोगशाळेत जागा मिळवताना. तिथे प्राध्यापकांना असा विद्यार्थी हवा असतो जो शिकून तयार झाल्यावर निदान काही महिने तरी टिकेल, आणि ट्रान्सफर विद्यार्थ्याकडे मुळात सहाच क्वार्टर असतात. म्हणून मी पहिल्या आठवड्यापासूनच प्राध्यापकांना पत्रे लिहायला घेतली. विंटरपासून एका प्रयोगशाळेत आठवड्यातून दोन दुपारी उभे राहण्याची परवानगी मिळाली आहे. त्या दोन दुपारी सोडून बाकीचे विषय बसवले आहेत आणि परतीची बस चुकणार नाही असे वेळापत्रक जुळवण्याचे काम अजून चालू आहे.